च-ची भाषा आणि पोट्ट्यांची बाकीची गुपितं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमरावती जिल्ह्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. वाढलेही याच भागात. पोरांच्या चोरट्या भाषा, उलटे शब्द, कोडी, हातवारे यांबद्दल मला सतत कोणी ना कोणी विचारतं. पोराचं बोलणं समजेना म्हणून घाबरलेले पालक विचारतात, पहिल्यांदाच खेड्यात आलेले शिक्षक विचारतात, आणि पुण्या-मुंबईला गेलेले, लहानपणची भाषा अर्धी विसरलेले लोक तर फोन करून विचारतात. तेच तेच सांगून झालं, म्हणून आता लिहून ठेवते.

च-ची भाषा म्हणजे नेमकं काय?

शब्दाचं पहिलं अक्षर घ्यायचं. त्यातलं व्यंजन काढून शब्दाच्या शेवटी नेऊन ठेवायचं आणि रिकाम्या जागी च बसवायचा. काना, मात्रा, वेलांटी जिथल्या तिथे राहते, ती च-ला मिळते. "मी" चं "चीम", "घरी" चं "चरीघ", "जातो" चं "चातोज". म्हणजे "मी घरी जातो" हे झालं "चीम चरीघ चातोज".

वऱ्हाडीत "मले पानी दे" म्हणायचं असेल तर "चलेम चानीप चेद". एवढंच. नियम दोन मिनिटांत कळतो, जिभेला वळण पडायला मात्र आठवडा लागतो.

गंमत अशी की बोर, मोर, दोर, जोर या सगळ्यांच्या पोटातून चोर निघतो: चोरब, चोरम, चोरद, चोरज. आमच्याकडची पोरं "चहा"मधला च सगळीकडे लावतात, "चमचा"तला नाही असं कोणी पाळत नाही, त्यामुळे हा चोर कानाला जरा हिंदी वाटतो.

शब्द स्वरानं किंवा च-नंच सुरू होत असेल तर?

"आई"ला च लावला की "चाई", आणि शेवटी न्यायला व्यंजनच नाही, म्हणून तिथे नुसता "अ" उरतो. काटेकोर पोरगी "चाईअ" म्हणते, बाकीचे तो अ गिळून टाकतात. "चहा"चं "चहाच" होतं, म्हणजे काहीच लपत नाही. चहा प्यायचा असेल तर सरळ मागावा.

आणि जोडाक्षरं?

जोडाक्षर आख्खंच्या आख्खं मागे जातं. "प्रसाद" चं "चसादप्र". हे म्हणताना मोठी माणसंही अडखळतात. पण आमच्या बोलीनं इथे पोरांचं काम सोपं केलं आहे, कारण वऱ्हाडीला जोडाक्षरं फोडायची सवयच आहे. पुस्तकातली "ज्वारी" म्हणजे "चारीज्व", आणि तो ज्व म्हणताना दात एकमेकांवर आपटतात. वावरातली "जवारी" म्हणजे "चवारीज". सुटसुटीत.

र्फ-ची भाषा आणि प-ची भाषा वेगळ्या आहेत का?

हो. च-च्या भाषेत अक्षरं जागा बदलतात, या दोन भाषांत शब्दात भर घालतात. र्फ-च्या भाषेत प्रत्येक अक्षरामागे र्फ येतो आणि त्याला त्याच अक्षराची मात्रा लागते: "मिर्फी घर्फरिर्फी जार्फातोर्फो". प-च्या भाषेत तसंच, फक्त प: "मीपी घपरीपी जापातोपो".

माझं मत विचाराल तर प-ची भाषा लहान्यांची. पाच-सहा वर्षांचं पोरगं ती तालावर म्हणू शकतं, कारण तोडमोड करायची नसते, नुसतं झुलायचं असतं. र्फ-ची मोठ्या पोट्ट्यांना आवडते, ती मोटरसायकल सुरू केल्यासारखी वाजते. च-ची भाषा खरी कारागिरीची.

उलटी भाषा म्हणजे?

अक्षरं मागून पुढे म्हणायची. "टोपी" चं "पीटो", "कापूस" चं "सपूका". आपण अक्षरानं उलटवतो, इंग्रजी शाळेतली पोरं कधी कधी एबीसीडीतलं एकेक लेटर उलटवतात आणि मग त्यांना म्हणताच येत नाही. देवनागरीत मात्रा अक्षराला चिकटलेली असते, त्यामुळे "पी" अख्खी उचलता येते.

या भाषेत एक मोठी खोट आहे, आणि ती मला स्वतःला वयाच्या नवव्या वर्षी भोवली. काका, मामा, दादा, बाबा, नाना: घरातली जवळजवळ सगळी पुरुष माणसं उलटी केली तरी तीच राहतात. आम्ही भर दुपारी आंब्याच्या अढीत हात घालून बसलो होतो. राखणीला बसवलेल्या बहिणीनं इमानदारीनं इशारा दिला, "काका लेआ!" काकांना पुढचा शब्द कळला नसेल, पहिला कळला.

याच खोटीतून दुसरा खेळ निघतो. उलटं वाचलं तरी तेच राहणारं वाक्य शोधायचं. "चिमा काय कामाची", "रामाला भाला मारा", "तो कवी डालडा विकतो", "भाऊ तळ्यात ऊभा" ही तर पिढ्यान्‌पिढ्यांची. वर्गात मी एकेका शब्दापासून सुरुवात करते. नवीन, कडक, सरस, नयन, नमन. एका पोरानं "लिंबू लिं" असं काहीतरी अर्धवट शब्द जोडून आणलं आणि हा शब्द आमच्या गावात चालतो म्हणून भांडला. मी अर्धा गुण दिला.

यातली कोणती भाषा पकडायला सगळ्यात अवघड?

जी जोरात बोलली जाते ती.

कारण नियम कोणापासूनच लपलेला नसतो. गावातल्या प्रत्येक पोराला तो येतो, त्याच्या आईलाही येत होता. माझ्या आईनं कधी च-च्या भाषेत एक शब्द काढला नव्हता. आम्ही बहिणी तिच्यासमोर बिनधास्त बोलायचो. भुलाबाईच्या, म्हणजे घरोघरी गाणी म्हणून खाऊ ओळखायच्या सणाच्या दिवसांत, एकदा सैपाकघराच्या दाराशी उभं राहून ठरवत होतो, की डब्यातले रोडगे कधी पळवायचे. "चोडगेर, चोडगेर" असं चाललं होतं. आई पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "चीम चैकलं." मी ऐकलं. इतकी वर्षं तिनं आम्हाला बोलू दिलं होतं आणि सगळं ऐकलं होतं.

वऱ्हाडीत बोललं की भाषा बदलते का?

नियम तोच, माल वेगळा. वऱ्हाडीत ळ-चा य होतो: डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया. म्हणून आमचा "चोयाड" आणि पुण्याहून आलेल्या मावसभावाचा "चोळाड". शब्द कितीही उलटापालटा केला तरी बोलणारा कुठला ते लगेच कळतं. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, ळ-चा र होतो, "जवळ" चं "जवर". तिथलं पोरगं "चवरज" म्हणेल, आमचं "चवयज".

उन्हाळ्यात सगळी मामाच्या गावाला जमली की यावरून हमखास भांडण लागतं. बरोबर कोणाचं? दोघांचंही. पण मावसभावाला हे पटत नाही, त्याच्याकडे पुस्तक असतं.

"तुला" म्हणजे आमचं "तुले", आणि "तुले" म्हणजे "चुलेत". हा शब्द चुलीच्या इतका जवळ जातो, की आमच्या आजीला कायम वाटायचं, पोट्ट्या काहीतरी चुलीत घालायचं म्हणतात.

पोरं हे शिकतात कुठे? शाळेत शिकवतात का?

शाळेत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. मे महिन्यात दुपारी बारा ते चार बाहेर पाऊल टाकता येत नाही, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असतो. ओसरीवर बाजा टाकलेल्या, मोठी माणसं झोपलेली, आणि चार घरची पोरं एका जागी कोंडलेली. मोठ्यानं बोलता येत नाही, खेळायला जागा नाही. मग हेच.

शिकवण्याची पद्धत मी अनेकदा पाहिली आहे, आणि ती कोणत्याही शिक्षकापेक्षा बरी असते. दहा-अकरा वर्षांची मुलगी नियम सांगतच नाही. ती धाकट्याचं नाव च-च्या भाषेत घेऊन हाक मारते आणि तो "ओ" देईपर्यंत मारत राहते. त्याला आपलं नाव सापडलं की बाकी भाषा त्याची तो काढतो. पुढच्या उन्हाळ्यात तोच दुसऱ्याला हाक मारत असतो.

माझा मुलगा घरात "चरस, चरस" म्हणतो. काळजी करू का?

हा प्रश्न मला खरोखर विचारला गेला आहे. एका मुलाची आई तावातावात शाळेत आली. "मॅडम, माहा पोरगा दिवसभर चरस चरस करते. काल तं म्हने, चरस चाले." मी पोराला बोलावलं. तो रडकुंडीला. मग म्हणाला, "मॅडम, सर आले असं म्हनत होतो."

सर म्हणजे चरस. आले म्हणजे चाले. मधल्या सुट्टीत भिंतीवर बसणाऱ्या पोरांची ही ठरलेली आरोळी आहे. त्या बाईंना हसू आवरेना, आणि आमचे सर पुढचे दोन दिवस स्टाफरूममध्ये जरा गप्प होते. तर काळजी करू नका. आधी शेवटचं अक्षर उचलून पहिल्या जागी बसवून पाहा, मग रागवा.

या भाषेतून घाणेरडे शब्द तयार होतात म्हणे. खरं आहे का?

खरं आहे. रोजच्या वापरातले दोन-तीन अगदी लहान, निष्पाप शब्द च लागला की भलतेच होऊन बसतात. कोणते ते लिहीत नाही. मराठी येणाऱ्याला पाणी प्यायच्या आत सापडतील, आणि पोट्ट्यांना पहिल्याच दिवशी सापडलेले असतात. अर्धी पोरं भाषा त्यासाठीच शिकतात.

पण त्यांनी त्यावर इलाजही काढला आहे. वडीलधारं माणूस जवळ असलं की सगळे एकमेकांना अचानक आदरानं "तुमी" म्हणायला लागतात. आठ वर्षांचा पोरगा सहा वर्षांच्या भावाला "चुमीत" म्हणत असला, तर समजा की कोणीतरी मोठं माणूस ऐकत आहे.

यानं मुलांचं वाचन किंवा शुद्धलेखन बिघडतं का?

माझ्या वर्गात तरी उलटंच पाहिलं. "पि" मधला प वेगळा काढायचा आणि वेलांटी जागेवर ठेवायची, हे च-च्या भाषेत क्षणात करावं लागतं. बाराखडीत आपण हेच शिकवतो, फक्त कंटाळवाण्या सुरात. पहिलीतली एक मुलगी फळ्यावरचं "पिशवी" वाचायला अडत होती. तिला म्हटलं, च-च्या भाषेत सांग. "चिशवीप," तिनं ताड्‌कन सांगितलं. म्हणजे तोडता येत होतं, नुसतं फळ्यावर ओळखता येत नव्हतं. मग आम्ही दोघींनी फळ्यावर तोडलं.

लिहिताना मात्र कोणी च-ची भाषा वापरत नाही. परीक्षेच्या पेपरात ती आल्याचं मी एकदाच पाहिलं, आणि ते उत्तर नव्हतं, शेजारच्याला विचारलेला प्रश्न होता.

लिहायची गुप्त भाषा असते का मग?

असते, आणि तिचं मोठं घराणं आमच्याच जिल्ह्यात आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाचं हे मोठं ठिकाण. गोविंदप्रभू इथलेच, आणि म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून "लीळाचरित्र" रचलं तेही याच परिसरात. पुढे पंथानं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अशा कितीतरी. ओळखीच्या अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं चिन्ह. किल्ली ज्याच्याकडे, त्यालाच वाचता येणार. मराठीतलं सगळ्यात जुनं गद्य त्यामुळे कित्येक शतकं बाहेरच्यांना बंद राहिलं. विसाव्या शतकात राजवाड्यांसारख्या संशोधकांनी सकळ लिपी उलगडली तेव्हा ते दार उघडलं. आता रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठच झालं आहे.

चौथीच्या वर्गाला मी हे सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी वर्गाची स्वतःची लिपी तयार. क म्हणजे टिंब असलेला गोल, ख म्हणजे शेपूट. तिसऱ्या दिवशी किल्लीचा कागद हरवला आणि कोणालाच काही वाचता येईना. महानुभावांनी किल्ली सांभाळून ठेवली, ही लहान गोष्ट नव्हती.

हातानं बोलायची भाषा कोणती?

तिला मराठीत करपल्लवी म्हणतात. डोळ्यांनी बोलायचीला नेत्रपल्लवी. जुन्या करपल्लवीची रीत फार सुरेख आहे. प्रत्येक वर्गाला एक खूण: नागाचा फणा केला की स्वर, कमळ केलं की क-वर्ग, चक्र फिरवलं की च-वर्ग, धनुष्याचा टणत्कार केला की ट-वर्ग. मग वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांनी, आणि मात्रा चुटक्यांनी. "ग" म्हणायचं तर कमळ आणि तीन बोटं. याला वेळ लागतो, पण आवाज होत नाही, म्हणून परिपाठाच्या वेळी ओळीत उभं असताना ती उपयोगी पडते. प्राचीन चौसष्ट कलांच्या यादीत गुप्त बोलण्याची कला म्लेच्छितविकल्प या नावानं येते, म्हणजे हे दुखणं जुनं आहे.

बैलबाजारात मोठी माणसं हाच खेळ पैशांवर खेळतात. दलाल आणि गिऱ्हाईक शेल्याखाली हात घालतात, बोटं धरतात, दाबतात, सोडतात. भोवती पन्नास माणसं उभी, पण भाव दोघांनाच ठाऊक. तोंडानं फक्त "हाव" आणि "नाई". माझ्या वडिलांचं बोट धरून मी तिथे उभी राहायचे आणि शेल्याच्या चुण्यांवरून भाव ओळखायचा प्रयत्न करायचे. एकदाही जमलं नाही.

व्यापाऱ्यांची तोंडी भाषाही होती, नंदभाषा. गिऱ्हाइकासमोर आकडा बोलायचा पण त्याला कळू द्यायचा नाही. चार म्हणजे पोकू, पाच म्हणजे मुळू, सहा म्हणजे शेली, सात म्हणजे पवित्र. हिची नोंद मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही सापडते. पोरांना मी हे आकडे शिकवले. आता कंच्यांचा हिशेब कधी कधी मुळू-शेलीत होतो, आणि लबाडी पूर्वीपेक्षा वाढली आहे.

विटीदांडूत मोजताना म्हणतात ते "वकट, लेंड, मूंड" कोणती गुप्त भाषा आहे?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

ती गुप्त भाषा नाहीच. ते साधे आकडे आहेत, फक्त मराठी नाहीत. तेलुगूत एक म्हणजे ओकटी, दोन रेंडू, तीन मूडू, चार नालुगू. आता म्हणा: वकट, लेंड, मूंड, नाल. महाराष्ट्रभर आजोबा-पणजोबांनी विटी कोलताना हे आकडे मोजले आणि बहुतेकांना ते निव्वळ खेळातले निरर्थक शब्द वाटत राहिले.

आमच्या विदर्भात ही गोष्ट आणखी जवळ येते. गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडे गोदावरी-प्राणहितेच्या काठाला तेलुगू घराघरात आहे. आणि गोंडीतही तीन म्हणजे मुंद, चार म्हणजे नालुंग. एका वर्षी वर्गात गडचिरोलीकडून आलेली एक गोंड मुलगी होती, फारसं न बोलणारी. मी फळ्यावर "वकट, लेंड, मूंड, नाल" लिहून विचारलं, कोणाला काही कळतं का? सगळे गप्प. ती हळूच म्हणाली, "मॅडम, हे मोजते." मग तिनं आपले आकडे सांगितले, उंदी, रंड, मुंद, नालुंग, आणि पोरं तोंडाकडे बघत राहिली. त्या दिवसापासून विटीदांडूत मोजायला तिलाच उभं करतात.

वर्गात बंजारा, कोरकू, कोलाम मुलं आपसात त्यांच्या भाषेत बोलतात. ती गुप्त भाषा समजून थांबवावी का?

नाही. नवे शिक्षक हा घोटाळा फार करतात. तांड्यावरची गोरमाटी, मेळघाटातली कोरकू, यवतमाळकडची कोलामी, गोंडी या लोकांच्या घरच्या भाषा आहेत. आपल्याला समजत नाही म्हणून ती लपवाछपवी होत नाही. मेळघाटातल्या पोराला कोरकूत बोलू नको म्हणणं म्हणजे आपल्याला वऱ्हाडीत बोलू नको म्हटल्यासारखं आहे, आणि ते आपल्याला कोणी ना कोणी म्हटलेलंच असतं.

एक मात्र खरं. ज्या पोराला दोन भाषा घरून आलेल्या असतात, ते च-ची भाषा पटकन उचलतं. गोरमाटीत च-ची भाषा बोलणारी दोन भावंडं माझ्या वर्गात होती. ती आजपर्यंत मला पकडता आलेली नाही.

कोडी आणि झडत्या यात धरायच्या का?

माझ्या मते धरायच्या. तेही बोलून लपवणंच. "हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली" म्हणजे भेंडी. "तीन पायांची तिपाई, वर बसला शिपाई" म्हणजे चूल आणि तवा, पण आता गॅस आल्यावर तिपाई कोणाला दिसत नाही, पोरं "मॅडम, स्टूल" म्हणतात. "सुपभर लाह्या, त्यात एक रुपया" मात्र अजून चालतं, चांदण्या आणि चंद्र कुठे जात नाहीत.

पोळ्याला बैल तोरणाखाली उभे असताना झडत्या म्हणतात, एकमेकांना शब्दांत टोमणे मारत, आणि शेवटी सगळे "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव". दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं तेच करतात. त्यांच्या झडत्यांत शाळेचा समाचार घेतलेला असतो, तो मी इथे लिहीत नाही.

भुलाबाईत तर ओळखण्याचाच खेळ. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी गाणी, आणि शेवटी डबा हलवून खाऊ ओळखायचा. खुळखुळ वाजलं तर फुटाणे, काहीच वाजलं नाही तर शिरा. आमच्या धाकट्या भावाला आईनं खाऊ काय आहे ते कोणाला सांगायचं नाही असं बजावलं होतं. त्यानं सांगितलं नाही. तो फक्त अंगणभर "चिराश, चिराश" म्हणत नाचत होता.

अशा भाषा फक्त मराठीतच आहेत का?

अजिबात नाही. स्पेनकडची पोरं आपल्या प-च्या भाषेसारखीच भाषा बोलतात, प्रत्येक अक्षरामागे प आणि तोच स्वर: "कासा" म्हणजे घर, त्याचं "कापासापा". इंग्रजीतली पिग लॅटिन आपल्या च-च्या भाषेची लांबची बहीण, तीही पहिलं व्यंजन उचलून मागे टाकते. फ्रान्समध्ये उलट्या भाषेला वेर्लान म्हणतात, आणि "उलटं" या अर्थाचा फ्रेंच शब्द "लांवेर" उलटा करूनच ते नाव बनलं आहे. तिथे तर उलटे झालेले काही शब्द मोठ्यांच्या रोजच्या बोलण्यात जाऊन बसले. आमच्या गावात मात्र "पीटो" अजून टोपीच्या जागी बसलेला नाही.

मोबाइल आल्यावर हे सगळं संपलं का?

कमी झालंय, संपलेलं नाही. उन्हाळ्याची दुपार आता मोबाइलला जाते हे खरं. पण पोरांनी त्याचाही खेळ केला. मोबाइलला तोंडी सांगून लिहून घेता येतं, तर त्याच्यासमोर च-च्या भाषेत बोलायचं आणि तो काय लिहितो ते बघून लोळायचं. "चलेम चानीप चेद" चं त्यानं एकदा काय केलं ते मला दाखवायला तिघं धावत आली. त्यात "चल", "चांदी" आणि "चंद" होतं. पाणी नव्हतं.

मी चाळिशीचा आहे. आता शिकता येईल का?

येईल. आधी दोन अक्षरांचे शब्द घ्या, तेही व्यंजनानं सुरू होणारे. घर, पानी, वाट, माय. दहा वेळा म्हणा, मनात अक्षर लिहून बघू नका, नाहीतर तिथेच अडकाल. मग स्वतःचं नाव. मग क्रियापदं. आरशासमोर बसून काही होत नाही, समोर बोलणारं माणूस लागतं, शक्यतो आपल्यापेक्षा लहान, म्हणजे ते चुका काढताना लाजणार नाही. पहिलं वाक्य "चलेम चानीप चेद" हेच ठेवा. पाणी मिळालं की पुढचं.